चाळीस पत्रिकांची कसोटी

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीच्या. पण त्यांनी तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला आणि २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला फलज्योतिषाच्या चाचणीवरचा छोटासा निबंधही एखाद्या बांधीव कथेइतक्याच आवडीने वाचावा असा आहे. सहकारी होते संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः पत्रिका पाहणारे प्रकाश घाटपांडे.

दावा नेहमीचाच: पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते. त्याला भिडताना लेखक ग्रहांच्या अंतराची किंवा गुरुत्वाकर्षणाची चर्चा काढत नाहीत. कळते म्हणता ना, मग ओळखून दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी दोनशे मुलांच्या पत्रिका मांडल्या गेल्या. त्यांतली शंभर मुलं हुशार, तर शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम. कोण कुठल्या गटातलं, याची नोंद सांकेतिक क्रमांकांनिशी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात कुंट्यांकडे राहिली. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या वाटेल तशा उचललेल्या चाळीस पत्रिका पाठवल्या.

या रचनेत मला सर्वांत देखणी वाटते ती एक गोष्ट. यश कशाला म्हणायचं, हे निकालाआधीच ठरलं होतं: चाळीसपैकी किमान अठ्ठावीस उत्तरं बरोबर. निव्वळ अंदाजाने सरासरी वीस बरोबर येतात. अठ्ठावीसचा आकडा गाठणं नशिबाला शंभरात एकदाही जेमतेमच जमेल. म्हणजे उंबरठा उंच आहे, पण अशक्य नाही. ज्याला खरोखर काही दिसतं, त्याच्यासाठी दार उघडं आहे. निकाल लागल्यावर ‘तसं नव्हे, असं’ म्हणायची सोय दोन्ही बाजूंना उरत नाही. आपल्या घरातले आणि चॅनेलवरचे किती वाद केवळ या एका पथ्यावाचून वर्षानुवर्षं चिघळत राहतात!

पुढचे आकडे शांतपणे वाचावेत. भाग घेण्याची तयारी दाखवली एक्कावन्न जणांनी, उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. गळालेल्यांची संख्या लेखक झाकत नाहीत, हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा. सत्तावीस जणांची सरासरी आली सुमारे सव्वासतरा. सर्वांत वरचा आकडा चोवीस. इथे घाईचा वाचक म्हणेल, ‘चोवीस म्हणजे साठ टक्के! त्या एकाला तरी विद्या येत असणार.’ जरा थांबून हिशेब करू. सत्तावीस जणांनी नुसतं नाणं उडवलं असतं, तरी चोवीस किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारे तिघं-चौघं सहज निघाले असते. गर्दीतला पहिला आलेला माणूस नेहमीच जाणकार वाटतो; तो किती जणांतून पहिला आला, हे विचारायचं राहून जातं. ज्योतिषांच्या एका संस्थेने तर सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या. बरोबर आल्या एकशे दोन.

जन्मवेळा चुकल्या असतील, हा आक्षेप घेता येतो. पण एरवीही पत्रिका मांडली जाते ती घरच्यांनी सांगितलेल्या वेळेवरच. तिथे भाकीत चालतं, तर इथेही चालायला हवं.

निबंधात कुणाची टिंगल नाही की विजयाचा गुलाल नाही. तपासला एकच दावा, म्हणून निष्कर्षही त्या दाव्यापुरताच. विवाह, आयुष्य, धनयोग यांवर लेखक उडी मारत नाहीत; ते तपासायचं असेल तर त्याची वेगळी चाचणी लागेल. प्रतिपक्षाला इतक्या आदराने वागवणारा युक्तिवाद क्वचित भेटतो. ‘तुम्ही चूक आहात’ असं म्हणण्यापूर्वी ‘तुम्ही बरोबर असाल तर काय दिसायला हवं?’ असं विचारणं आणि ते दिसायची पुरेपूर संधी देणं, ही चिकित्सा. शाळेत विज्ञानाच्या तासाला हा निबंध वाचायला द्यावा आणि मुलांना सांगावं: आता तुम्हाला खरा वाटणारा एखादा दावा घ्या, आणि तो कशाने खोटा ठरेल ते आधी वहीत लिहून ठेवा.