राजाश्रय आणि लोकाश्रय

कलेचा उत्सव कोणाच्या पैशावर व्हावा, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा उत्सव आटोपल्यावर, हिशेबाच्या निमित्तानें निघतो. वस्तुतः तो वाङ्मयविचाराचाच प्रश्न आहे. खर्च कोण करतो, यावरून व्यासपीठावर काय बोललें जाईल हें पुष्कळ अंशीं ठरत असतें.

२०२३ च्या फेब्रुवारींत वर्धा शहरानें या प्रश्नाचीं दोन उत्तरें एकाच वेळीं पाहिलीं. ३ ते ५ तारखांस तेथें ९६ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. निवृत्त न्यायमूर्ति नरेंद्र चपळगांवकर अध्यक्ष होते, आणि यजमान विदर्भ साहित्य संघाचें तें शताब्दीचें वर्ष होतें. राज्य सरकारनें आपलें अनुदान पन्नास लाखांवरून दोन कोटि रुपयांवर नेलें होतें. त्याच दिवसांत, त्याच शहरीं, १७ वें विद्रोही साहित्य संमेलन एक मूठ धान्य आणि एक रुपया या लोकवर्गणीच्या तत्त्वावर भरलें.

सरकारी साहाय्य घेणें हाच दोष, असें आम्ही मानीत नाहीं. तिजोरींतील पैसा अखेर प्रजेचाच आहे. काडेपेटी विकत घेणारा शेतकरीही त्यांत भर घालतो. परंतु दाता एक हात पुढें करतो तेव्हां त्याचा दुसरा हात कोठें असतो, हें पाहिलें पाहिजे. संमेलनापूर्वी दोनच महिने, डिसेंबर २०२२ मध्यें, कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनीं केलेल्या अनुवादास राज्य पुरस्कार जाहीर झाला, आणि थोड्याच दिवसांत सरकारनें तो रद्द करून निवड समितिही बरखास्त केली. पुस्तक कसें आहे हा वाद निराळा. तज्ज्ञांस नेमावें आणि त्यांचा निर्णय न रुचल्यास त्यांस घरीं पाठवावें, याला आश्रय म्हणतां येत नाहीं.

तथापि लोकाश्रय सर्वथा निर्दोष आहे असेंही नव्हे. धान्य देणाऱ्यासही आपल्याच मताचा प्रतिध्वनि ऐकण्याची इच्छा होते. आणि मूठभर धान्यावर मोठा ग्रंथबाजार उभा राहत नाहीं.

येथें वर्धा जिल्ह्यांतीलच आष्टीचें स्मरण होतें. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, येथील लोक परकी सत्तेविरुद्ध उठले आणि गोळीबारांत कित्येक हुतात्मे झाले. त्यांच्या मनांत जी ठिणगी पडली होती, ती तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं. त्या भजनांस सरकारनें अनुदान नव्हे, महाराजांस कारावास दिला. तरी खंजिरी निमाली नाहीं, कारण तिचा पोशिंदा गांवोगांवचा श्रोता होता.

आजचें सरकार परकें नाहीं. म्हणून त्याच्याशीं भागीदारी करतां येते. मात्र भागीदार हा धनी होऊं नये. अनुदानाची रक्कम नियमानें ठरावी, मर्जीनें नव्हे. वक्ते, विषय आणि पुरस्कार यांची निवड साहित्यसंस्थेनेंच करावी. आणि अनुदान कितीही मोठें मिळालें तरी लोकवर्गणी बंद करूं नये. तिनें मांडवाचा खर्च भागणार नाहीं, हें आम्हांसही कळतें. पण ज्याची मूठ त्या मांडवांत रिकामी झाली, तो वाचक तेथें पाहुणा राहत नाहीं, यजमान होतो. आणि ज्या उत्सवास असे यजमान आहेत, त्यास अनुदान बंद होण्याचें भय दाखवून कोणीही गप्प करूं शकणार नाहीं.