निवेदकाची नोंद आणि यंत्राची नोंद

बोलींच्या अभ्यासात निवेदकाची नोंद कशी घ्यावी याविषयी आपल्याकडे आता फारसा मतभेद राहिलेला नाही. त्याचे गाव, वय, जमात, शिक्षण, त्याला अवगत असलेल्या इतर भाषा हे सर्व नमुन्याच्या शिरोभागी आलेच पाहिजे, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात कोकणातील कातकरी, ठाकरी, आगरी इत्यादी बोलींचे नमुने जिल्ह्यांच्या निर्देशासह दिलेले आहेत. ते बहुधा सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आलेले असल्यामुळे त्यांचे मोल बेताचेच आहे असे आपण म्हणतो. परंतु असे म्हणता येते तेदेखील नमुना कोठून व कसा आला हे ठाऊक असल्यामुळेच.

आज कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर घेतलेला नमुना प्रबंधात उतरेपर्यंत आणखी एका मध्यस्थाच्या हातून जातो. तो मध्यस्थ म्हणजे संगणक. त्याच्याविषयी आपले प्रबंध काय सांगतात? ‘सामग्रीवर लिनक्स संगणकाच्या साहाय्याने संस्करण केले’ एवढेच. ‘कुलाबा जिल्ह्यातील एका माणसाने सांगितले’ असे कोणी लिहिले तर आपण त्याचा प्रबंध परत करू. यंत्राच्या बाबतीत मात्र तेच वाक्य आपण खपवून घेतो. प्रस्तुत लेखकानेही ते खपवून घेतले आहे.

वास्तविक युनिक्स परंपरेतील संगणक हा फारच बोलका निवेदक होय. ‘युनेम’ ही आज्ञा प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, नाव व आवृत्ती सांगते. ‘एलएससीपीयू’ प्रक्रियकाचे वर्णन करते. ‘डीएमआयडीकोड’ मूळ फलकाचा निर्माता व प्रतिमान सांगते. ‘डीपीकेजी’ बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी देते. ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील बहुतेक फायलींचा आकार शून्य दिसतो, पण त्या उघडताच मजकूर मिळतो. कारण त्या साठवलेल्या फायली नसून विचारताक्षणी कर्नेलने दिलेली उत्तरे असतात. पण या सर्व साक्षी एका दर्जाच्या नाहीत, आणि ज्यांनी कोणी प्रबंधाला अशी यादी जोडली आहे त्यांनीही हा भेद केलेला आढळत नाही. ‘युनेम’चे उत्तर हे कर्नेलने स्वतःविषयी दिलेले निवेदन आहे. वितरणाचे नाव ज्या ‘ओएस-रिलीज’ फायलीतून मिळते ती साधी मजकुराची फाईल असून अधिकार असलेला कोणीही ती बदलू शकतो. ‘डीएमआयडीकोड’ सांगते ते निर्मात्याने कारखान्यात लिहून ठेवलेले. तेथे कधी कधी ‘निर्मात्याने भरावे’ हा कोरा नमुनाच तसा राहिलेला असतो. सॉफ्टवेअरची यादी ही तर केवळ भांडाराची वही. हाताने बसवलेला कार्यक्रम तिला ठाऊकच नसतो. कंटेनरमध्ये काम केले असेल तर ‘युनेम’ यजमान संगणकाचे कर्नेल सांगते आणि ‘ओएस-रिलीज’ आतील वितरणाचे नाव. दोन उत्तरे जुळत नाहीत, तरी दोन्ही खरी असतात. प्रत्यक्ष, ऐकीव आणि लिखित अशी साक्षीची प्रतवारी जो अभ्यासक गावात करतो, त्याने ती येथेही करावयास हवी.

या तपशिलाचा भाषेशी संबंध काय, असा आक्षेप येईल. आगरी बोलीत ळकाराचा लकार होतो. समजा त्या अभ्यासासाठी शब्दसूची वर्णानुक्रमे लावावयाची आहे. आपल्या वर्णमालेत ळ हकारानंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो लकाराला लागून आहे. संगणकाचे लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेश यांविषयीची मांडणी, ‘सी’ असेल तर डोला, डोळा, डोस, डोह असा क्रम लागतो. मराठी वर्णक्रमाने डोळा डोहाच्याही पुढे जातो. (ल-ळ यांची तुलना करणाऱ्याला चुकीचा क्रमच सोयीचा पडतो, ही गंमत वेगळी.) शिवाय क्रम लावण्याचे नियम प्रणालीबरोबर बदलतात. ग्लिबसी या मूळ ग्रंथालयाच्या ऑगस्ट 2018 मधील 2.28 या आवृत्तीत ही कोष्टके इतकी बदलली की, जुन्या क्रमाने बांधलेल्या विदागारांच्या सूची नव्याने बांधाव्या लागल्या.

शब्दगणनेत प्रमाद याहून मोठा होतो. पायथन भाषेच्या नेहमीच्या ‘री’ संचात ‘शब्दातील वर्ण’ या चिन्हाखाली काना-वेलांटी येत नाहीत. त्यामुळे ‘कातकरी’ या एका शब्दाचे ‘क’ आणि ‘तकर’ असे दोन तुकडे होतात. पर्ल भाषेत तेच चिन्ह मात्रांना वर्णात धरते आणि शब्द अखंड राहतो. तेव्हा ‘एकूण शब्द अमुक’ या विधानाला साधन व त्याची आवृत्ती यांवाचून काहीच अर्थ नाही.

लोकेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भाषाशास्त्रज्ञाने तरी नजरेआड करू नये. कातकरीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत स्वतंत्र संकेत आहे, पण ग्लिबसीत तिचे लोकेल नाही. अर्थात् कातकरी मजकूर मराठी लोकेलखाली चालवला जातो. कातकरी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा ज्या प्रबंधाचा विवाद्य विषय, त्याचे उत्तर पहिल्याच पायरीवर यंत्राकडून गृहीत धरले गेलेले असते, आणि लेखकाला त्याचा पत्ता नसतो.

नोंद घेताना एक पेच येतो. यंत्राची उत्तरे निरनिराळ्या संगणकांवर ताडून पाहता यावीत म्हणून ती ‘सी’ लोकेलमध्ये घ्यावीत, अन्यथा काही आज्ञांची उत्तरे अनुवादित होऊन येतात. पण तसे करताच मूळ काम कोणत्या लोकेलमध्ये झाले हे पुसले जाते. म्हणून ‘लोकेल’ ही आज्ञा सर्वप्रथम, काहीही बदलण्याच्या आधी द्यावी. विद्यार्थी बहुधा ‘निओफेच’चे रंगीत चित्र जोडतात. एप्रिल 2024 मध्ये त्या प्रकल्पाचे काम थांबले, तो भाग सोडा. तिच्या नेहमीच्या यादीत खिडक्यांची सजावट येते, लोकेल येत नाही.

ध्वनिमुद्रणात मात्र ही हेळसांड अक्षम्य ठरते. मराठीतील ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील दोन च जे घर्षण वेगळे करते, त्याचा महत्त्वाचा भाग 4000 हर्ट्‌झच्या वर असतो. ब्लूटूथचा मायक्रोफोन संभाषणाच्या जुन्या पद्धतीने जोडला गेला तर तो सेकंदाला 8000 नमुनेच घेतो, म्हणजे 4000 च्या वरचे काही उरतच नाही. फाईल मात्र 44100 चीच बनवता येते आणि तिच्या शीर्षात तोच आकडा राहतो. पुढे प्रयोगशाळेत वर्णपट पाहणारा ‘ठाकरांच्या बोलीत दोन चकारांचा भेद क्षीण झाला आहे’ असा निष्कर्ष काढील. दोष यंत्राचा, आणि तो लिहिला जाईल ठाकरांच्या जिभेवर. ‘पीएसीटीएल’ या आज्ञेने ध्वनिस्रोतांची यादी मागितली असता कोणता मायक्रोफोन किती नमुने घेत आहे हे स्वच्छ दिसते. परंतु तो जोडलेला असेपर्यंतच. संध्याकाळी कर्जत स्थानकावर गाडीची वाट पाहत तीच आज्ञा दिली तर त्या स्रोताचा यादीत मागमूसही नसतो.

प्रक्रियक कोणता होता, स्मृती किती होती, हे महिन्याने विचारले तरी चालेल. ते उत्तर बदलत नाही, आणि बदलले तरी बोलीचे फारसे बिघडत नाही. लोकेल, आवृत्त्या आणि ध्वनिस्रोत यांचे तसे नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. त्या वाडीवर पूर्वी कोणी ध्वनिमुद्रण केले असेल, तर ते ज्या यंत्रावर झाले त्याची नोंद त्याच फाईलशेजारी असली तरच ते आज अभ्यासाला घेता येईल. पुन्हा तेथे जाऊन तोच नमुना घेण्याचा मार्ग आता उरलेला नाही.