आश्रय आणि स्वीकार

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तेथून जवळच, रायपूरनजीक माना येथे, १९६४ नंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी वसली. कारखान्याचे यश आकड्यांत मांडता येते. छावणीचे तसे मांडता येत नाही. धान्य आणि निवारा यांची मोजदाद ठेवता येईल, परंतु एकट्याच आलेल्या मुलाला आपण कोणाचे तरी आहोत असे पुन्हा वाटले की नाही, हे कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. ते सांगणे हे कादंबरीचे काम होय. ज्योतिर्मयी देवी यांच्या ‘एपार गंगा, ओपार गंगा’ (१९६८) या बंगाली कादंबरीचे मोल या दृष्टीने पाहावयास हवे.

नोआखालीच्या १९४६ च्या दंगलीत किशोरवयीन सुतारा आईबापांना व बहिणीला मुकते. शेजारचे तमीझुद्दीन तिला आपल्या घरी ठेवून घेतात, तिची शुश्रूषा करतात. पुढे ती कलकत्त्यास आपल्या माणसांत येते आणि तिची खरी परवड तेथूनच सुरू होते. भावाच्या सासुरवाडीत तिला छप्पर मिळते, पण पाण्याला हात लावण्याची मुभा मिळत नाही. मुसलमानाच्या घरी राहिली, एवढाच तिचा अपराध! लेखिकेने येथे आक्रोशाचा अवलंब केलेला नाही. कोणी कशाला शिवू नये, लग्नकार्यात कोणास दूर ठेवावे, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या घरगुती तपशिलांतूनच बहिष्काराचे निष्ठुर रूप प्रकट होते. ओसरीवर घेतलेले मूल स्वयंपाकघरात घेतले जातेच असे नाही, हा या कथेचा गाभा आहे.

सुताराला पुढे वसतिगृह, शिक्षण आणि दिल्लीत इतिहासाची अध्यापकी लाभते. संस्था तिला स्वावलंबी करते. सुटीत जावयास घर मात्र देऊ शकत नाही. ही मर्यादा लेखिकेने संस्थेचा उपहास न करता दाखविली, हे तिच्या संयमाचे द्योतक होय.

शेवटी येणारी प्रमोदची मागणी मात्र पूर्णपणे पटत नाही. साऱ्या समाजाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका सज्जन तरुणाच्या औदार्यातून मिळावे, ही योजना काहीशी सोयीची वाटते. तथापि त्यामुळे आधीच्या प्रकरणांची धार बोथट होत नाही. निराधार मुलांविषयी आपल्याकडे करुणेने ओथंबलेले लेखन पुष्कळ झाले आहे. आश्रय देणाऱ्याच्या करुणेचीच परीक्षा घेणारे लेखन विरळा; ही कादंबरी त्यांपैकी एक आहे.