‘ऑल द राइट मूव्ह्ज’: सुटकेचा परवाना

मायकेल चॅपमन दिग्दर्शित ‘ऑल द राइट मूव्ह्ज’ (१९८३) या अमेरिकन चित्रपटाचे कथानक पेनसिल्व्हेनियातील ॲम्पाइप या काल्पनिक पोलादनगरीत घडते. त्याचे चित्रीकरण मात्र जॉन्सटाउन या उतरती कळा लागलेल्या खऱ्या पोलादनगरीत झाले. कामगारकुटुंबातील स्टेफन शालेय अमेरिकन फुटबॉलच्या बळावर शिष्यवृत्ती मिळवून अभियंता होऊ पाहतो. त्याच्यासाठी खेळ ही करमणूक नसून कारखान्याबाहेर पडण्याचा परवाना आहे आणि तो प्रशिक्षक निकरसनच्या हाती आहे. एका पराभवानंतर प्रशिक्षकाला उलट उत्तर दिल्याने स्टेफन संघाबाहेर जातो. पुढे महाविद्यालयांची दारेही बंद होतात. अखेरीस कॅलिफोर्नियात नोकरी मिळालेला निकरसनच त्याला शिष्यवृत्ती देऊ करतो.

चित्रपटाची मर्यादा येथेच स्पष्ट होते. अन्यायाचे निवारण व्यवस्था बदलून नव्हे, तर अन्याय करणाऱ्याच्याच कृपेने होते. संगीत शिकू इच्छिणाऱ्या लिसाला मात्र असा मार्ग उपलब्ध नाही. मागे राहणाऱ्या कामगारांविषयीही शेवट मौन पाळतो. प्रौढ होणे म्हणजे गाव सोडणे, हे समीकरण स्वीकारल्यामुळे एकाची सुटका होते. गावाच्या ऱ्हासाचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.