शांततेची किंमत कोण मोजतो? : युद्ध, पुनर्रचना आणि परराष्ट्र धोरण यांविषयीचे डॉ. आंबेडकरांचे संसदीय प्रश्न

प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांचा अभ्यास मराठीत प्रामुख्याने जातिव्यवस्था, धर्मांतर आणि राज्यघटना या तीन अंगांनी झाला आहे. त्यांच्या परराष्ट्र धोरणविषयक भूमिकेचा उल्लेख होतो तो बहुधा एका वाक्यापुरता : चीनचा धोका त्यांनी आधीच ओळखला होता. १९६२ च्या युद्धाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले, असे म्हटले की विषय संपतो. या पद्धतीने बाबासाहेबांना द्रष्टेपण मिळते. परंतु संसदपटू म्हणून त्यांनी काय केले, हे झाकले जाते. भाकीत खरे ठरणे हा संसदीय प्रश्नाचा निकष नव्हे. प्रश्नाने शासनाला कोणता हिशेब मांडायला लावले, हा त्याचा निकष होय. त्या निकषावर बाबासाहेबांचे प्रश्न त्यांनी स्वतः सुचविलेल्या उत्तरांपेक्षा अधिक टिकाऊ ठरतात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. येथे ‘प्रश्न’ हा शब्द तारांकित प्रश्नापुरता मर्यादित नसून लोकप्रतिनिधीने चर्चेत उपस्थित केलेल्या जाबाचा त्यात समावेश आहे.

उत्तर देणाऱ्याच्या बाकावरून

युद्ध आणि पुनर्रचना या विषयांशी बाबासाहेबांचा प्रथम संबंध आला तो प्रश्न विचारणारे म्हणून नव्हे, तर उत्तर देणारे म्हणून. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समित्या कामाला लागल्या होत्या. त्यांपैकी पाटबंधारे व वीज यांच्याशी संबंधित धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी या समितीसमोर बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न तांत्रिक चौकटीतून बाहेर काढला. वीज हवी कशासाठी, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेसंबंधी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास झालेली परिषद आणि ओडिशातील नद्यांसंबंधी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे झालेली परिषद या याच विचाराच्या पुढच्या पायऱ्या होत. पुनर्रचना म्हणजे युद्धापूर्वीची स्थिती परत आणणे नव्हे, हे या मांडणीचे सार आहे.

परंतु याच काळात युद्धाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्यांच्यावरही उलटला. युद्धकाळात कोळशाची टंचाई निर्माण झाल्याने खाणीत भूमिगत काम करण्यास स्त्रियांना असलेली बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर शासनाला धारेवर धरण्यात आले, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर होती. हा उपाय आणीबाणीपुरता आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असा त्यांचा बचाव होता. समान कामास समान वेतनाचे तत्त्व मान्य होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही युद्धाचा भार खाणीच्या तळाशी असलेल्या मजूर स्त्रीच्या डोक्यावर आला, हे त्या बचावाने पुसले जात नाही. ही बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. बाबासाहेबांच्या पुढील प्रश्नांचे मोल समजून घेताना हा प्रसंग वगळता येत नाही; कारण राष्ट्रीय निकड या शब्दाखाली शासन काय काय मागून घेते, हे त्यांनी शासनात बसून पाहिले होते.

शांततेची किंमत

सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर रोजी निवेदन करण्याचे ठरविले. निवेदनाची प्रत आधी सादर करण्यावरून मतभेद झाला आणि ते सभागृहाबाहेर पडले. निवेदन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. हिंदू कोड बिलाच्या संदर्भात ते सर्वश्रुत आहे. त्यातील परराष्ट्र धोरणाचा भाग मात्र तितक्या बारकाईने वाचला जात नाही. वार्षिक सुमारे ३५० कोटी रुपये महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. म्हणजे निम्म्याहून अधिक. हा खर्च परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे. चार वर्षांत मित्र उरले नाहीत म्हणून संरक्षणाचा भार एकट्याने वाहावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. उपाशी जनतेला अन्न पुरविणे आणि देशाचे औद्योगिकीकरण करणे या कामांना लागणारा पैसा येथेच अडकतो, हे त्यांचे दुखणे होते. १९४३ मधील विजेचा आणि १९५१ मधील सैन्यखर्चाचा प्रश्न असा एकाच सूत्रात ओवला जातो. काश्मीरच्या विभागणीचा किंवा विभागवार सार्वमताचा त्यांनी मांडलेला पर्यायही याच हिशेबातून आलेला आहे.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर चर्चा झाली. त्यापूर्वी २९ एप्रिल रोजी तिबेटसंबंधीच्या भारत-चीन करारात पंचशील तत्त्वांचा समावेश झाला होता आणि जुलैमध्ये जिनिव्हा येथे इंडोचायनाविषयी समझोता झाला होता. देशभर शांततेचा गौरव चालू असताना बाबासाहेबांनी विचारले की, ही शांतता कोणत्या किमतीला विकत घेतली जात आहे? देशांचे तुकडे पाडून मिळणाऱ्या शांततेत ज्यांची भूमी जाते त्यांना कोणी विचारले आहे काय? पंचशील हा शब्द बौद्ध परंपरेतला. त्या परंपरेच्या अभ्यासकाने त्याच शब्दाची कसोटी लावली : माओंना पंचशीलाची चाड असती, तर आपल्याच देशातील बौद्धांशी ते वेगळे वागले असते. ल्हासावरील चीनचा ताबा मान्य करून भारताने चीनची सीमा आपल्या सीमेपर्यंत आणण्यास हातभार लावला, हा त्यांचा आरोप होता.

गोव्याच्या बाबतीतही त्यांची रीत हीच होती. आरंभीच हालचाल केली असती तर लहानशा कारवाईने काम झाले असते, असे सांगताना खरेदी किंवा भाडेपट्टा यांसारखे मार्गही त्यांनी पुढे ठेवले. महाराष्ट्रात गोवा मुक्तीची भावना शिगेला पोहोचलेली असताना खरेदीची भाषा अनेकांना रुक्ष वाटली असेल. परंतु किंमत आज मोजायची की उद्या, आणि ती पैशात मोजायची की रक्तात, हा प्रश्न त्या रुक्षपणात दडलेला आहे.

प्रश्नाचे बळ आणि उत्तराची मर्यादा

तथापि, बाबासाहेबांचीच कसोटी त्यांच्या पर्यायांना लावणे समीक्षेचे कर्तव्य आहे. आग्नेय आशियाई करार संघटनेला, म्हणजे सिएटोला, असलेला भारताचा विरोध त्यांना अनाठायी वाटत होता. त्यांच्या भाषणानंतर १३ दिवसांनी, ८ सप्टेंबर १९५४ रोजी, मनिला येथे हा करार झाला आणि पाकिस्तान त्यात सामील झाले. ही संघटना १९७७ मध्ये गुंडाळली गेली. तटस्थतेची किंमत विचारणाऱ्या भाषणात लष्करी गटात सामील होण्याची किंमत तितक्या काटेकोरपणे मांडलेली आढळत नाही. तसेच भारत एका बाजूने पाकिस्तान व अन्य मुस्लीम राष्ट्रे आणि दुसऱ्या बाजूने चीन यांनी वेढला जात आहे, या चित्रात मुस्लीम राष्ट्रांना एकसंध गट मानले आहे. १९७१ मध्ये भाषा आणि सत्तावाटप यांवरून पाकिस्तानच दुभंगले, तेव्हा या गृहीतकाचा दुबळेपणा उघड झाला.

या मर्यादा दाखविल्याने बाबासाहेबांचे महत्त्व घटत नाही. उलट ते कोठे आहे हे स्पष्ट होते. भाकितांच्या यादीत त्यांना बसविले की चुकलेली भाकिते लपवावी लागतात. प्रश्नकर्ते म्हणून वाचले की लपविण्यासारखे काही उरत नाही. शांतता, निकड, राष्ट्रहित हे शब्द सभागृहात आले की त्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे विचारणे, ही त्यांची देणगी आहे. आणि १९४४ च्या वादात हाच प्रश्न विरोधकांनी त्यांना विचारला, ही त्या संसदीय परंपरेचीच साक्ष आहे.

समारोप

८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी युद्ध चालू असताना, लोकसभेत त्याच युद्धावर चर्चा सुरू झाली आणि सदस्यांनी शासनाला उघडपणे जाब विचारला. याउलट जून २०२० मधील गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर भरलेल्या सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात महामारीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला. लेखी उत्तरे तेवढी मिळत राहिली. लेखी उत्तराला पूरक प्रश्न विचारता येत नाही, आणि किंमत बाहेर येते ती पूरक प्रश्नातूनच. राज्यशास्त्राच्या वर्गात बाबासाहेबांची १९५४ ची मांडणी शिकविताना ती खरी ठरली की खोटी, एवढ्यावर थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी खंडांतील ही भाषणे मराठीतून अभ्यासक्रमात आली आणि विद्यार्थ्यांना त्यांतून प्रश्न रचण्याची सवय लागली, तर त्या भाषणांचे खरे वाचन सुरू होईल. उत्तरे काळाबरोबर जुनी होतात. हिशेब मागण्याचा हक्क मात्र प्रत्येक पिढीला नव्याने बजावावा लागतो.