विज्ञान केंद्रातील अध्ययनाचे मूल्यमापन : एक चिकित्सा

औपचारिक शिक्षणास पूरक साधन म्हणून विज्ञान केंद्रांकडे पाहिले जाते. मुंबईत वरळी येथे १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र व पणजीत मिरामार येथे २००१ साली गोवा विज्ञान केंद्र सुरू झाले. 'हात लावू नये' ही पाटी काढून टाकणारी ही परंपरा फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेल्या एक्सप्लोरेटोरियमशी नाते सांगते. तथापि बटण दाबले म्हणजे अध्ययन घडले, असे गृहीत धरता येत नाही.

मूल्यमापनाच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. एकीत विद्यार्थी किती वेळ थांबला हे मोजतात; दुसरीत बाहेर पडताना प्रश्नावली भरून घेतात. दोन्ही सोयीच्या, पण अपुऱ्या. थांबणे हे कुतूहलाचे लक्षण आहे, आकलनाचे नव्हे. आणि प्रश्नावली बहुधा पाठ्यपुस्तकातील शब्दच तपासते.

अशा केंद्रांत आढळणाऱ्या फिरत्या आसनाचे उदाहरण घेता येईल. पसरलेले हात जवळ घेताच फिरण्याचा वेग वाढतो. पेडणे तालुक्यातील कोरगावहून आलेला विद्यार्थी हे आपल्या बोलीत नेमके सांगू शकेल. 'कोनीय संवेगाची अक्षय्यता' असे लिहू शकेलच असे नाही. प्रश्नावलीत तो मागे पडतो. येथे मोजले जाते ते भाषेवरील प्रभुत्व, आणि ग्रामीण विद्यार्थ्यावर न शिकल्याचा शिक्का बसतो.

जॉन फॉक व लिन डियरकिंग यांनी १९९२ साली मांडलेली व्यक्तिगत, सामाजिक व भौतिक संदर्भांची चौकट अधिक न्याय्य आहे. पूर्वानुभव आणि सोबत्यांशी झालेली चर्चा तीत जमेस धरली जाते. परंतु प्रत्येक वैयक्तिक अर्थ म्हणजे अध्ययन असे मानल्यास 'हातांनी धक्का दिला म्हणून वेग वाढला' हा गैरसमजही ग्राह्य ठरेल. मूल्यमापनाची धार तेथे बोथट होते.

म्हणून कसोटी नव्या प्रसंगाची हवी. हातांत वजने घेतल्यास फरक वाढेल की घटेल, आणि का? हा प्रश्न विद्यार्थ्याच्या भाषेत, तोंडी, भेटीपूर्वी, भेटीनंतर व पुन्हा महिनाभराने विचारावा. त्यास खर्च नाही. मात्र सहलीची जबाबदारी बस परतताच संपते, ही समजूत अध्यापकांना सोडावी लागेल.