कारखाना बदलला, कोयता तिथेच

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: नवोपक्रम, शाश्वतता आणि बदलती कार्यपद्धती. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे त्रिकूट नेहमी एकत्र येतं. संस्था एकात सुधारली की बाकीच्या दोन्हींत आपोआप सुधारते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक आपण आज घरच्याच उदाहरणावर तपासून पाहू. ते उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखाना.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास हा प्रयोग उभा राहिला. शेतकरीच कारखान्याचा मालक, ही त्या काळी मोठीच नवी गोष्ट होती. तेव्हा या संस्थांना नवं काही जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

आता पहिली कसोटी, नवोपक्रम. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर-एकशे दहा किलो साखर मिळते. उरतं ते बगॅस आणि मळी. पूर्वी हे दुय्यम उत्पन्न होतं. आज बगॅसवर वीज तयार होते आणि मळीपासून इथेनॉल. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळी यांपासूनही इथेनॉल करायला वाट मोकळी केली. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे २०२५-२६ वर आणलं गेलं. कारखान्यांनी भराभर आसवन्या वाढवल्या. का वाढवल्या? उसाची एफआरपी चौदा दिवसांत द्यायची असते आणि साखर मात्र वर्षभर विकत बसावी लागते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्यामानाने लवकर येतात. म्हणजे गरज होती, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, म्हणून बदल झाला.

पण या बदलाचा लगाम कोणाच्या हातात आहे, तेही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रस आणि पाकापासून इथेनॉल करायला एकाएकी मनाई केली. आठवडाभरात ती मर्यादा घालून सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्याची तेवढ्यात झोप उडाली. ज्याला आपण कारखान्याची कल्पकता म्हणतो, तिच्यात सरकारी दराचा आणि खरेदीच्या हमीचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी कसोटी, शाश्वतता. इथेनॉल हे हरित इंधन, असं आपण म्हणतो. गाडीच्या धुराड्यापाशी उभं राहून ते कदाचित पटेलही. उसाच्या सरीत उभं राहिलं की प्रश्न पाण्याचा होतो. राज्याच्या जमिनीचा थोडासाच भाग उसाखाली आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा तो पितो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं; त्याच लातूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय सरकारने २०१७ मध्ये घेतला. तरी आजही पाटपाण्याने भिजणारा ऊस आपल्याला रस्त्याच्या दुतर्फा दिसतो. बारामतीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने पिकाला किती पाणी हवं ते सांगणारे प्रयोग चाललेत, ते चांगलेच आहेत. पण वाचवलेल्या पाण्याला आसवनीसारखं ठरलेलं गिऱ्हाईक नाही. म्हणून इथली चाल संथ.

तिसरी कसोटी, काम करण्याची पद्धत. इथे आपल्याला थांबावंच लागेल. गाळप संगणकावर आलं, वजनकाटा डिजिटल झाला. शेतात मात्र बीडहून आलेलं जोडपं आजही कोयत्याने ऊस तोडतं. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर फेडायची, आणि एक दिवस आजारपणात गेला तर खाडा. मजुरीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारात ठरतो, पण मस्टरवर या माणसांची नावं नाहीत. दर ठरवायला समोर बसायचं, मालक म्हणून मात्र उभं राहायचं नाही!

याची किंमत कोणी दिली? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही.

यावर उत्तर म्हणून तोडणी यंत्र दाखवलं जातं. यंत्राला रुंद सरी आणि मोठे फड लागतात; आपली शेतं तुकड्यांची. आणि जिथे यंत्र चालेल, तिथल्या कोयत्याने जायचं कुठे? हा प्रश्न यंत्राच्या अनुदानाबरोबर विचारला जात नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कारखान्यांचे कारभारी दुष्ट आहेत, असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळ कारखाने कर्जाखाली दबलेले आहेत. आमचा आक्षेप 'संस्था बदलाशी जुळवून घेते' या गुळगुळीत वाक्याला आहे. संस्था जुळवून घेते ती ज्यांना तिच्या सभेत मत आहे त्यांच्यासाठी. सभासद शेतकऱ्याला मत आहे, म्हणून त्याच्या बिलासाठी आसवनी आली. पाण्याला मत नाही, आणि तोडणाऱ्या बाईलाही नाही.

वार्षिक अहवालात गाळप असतं, उतारा असतो, इथेनॉलचे लिटर असतात. त्याच पानावर टनामागे किती पाणी लागलं आणि किती कोयत्यांना विमा, पाळणाघर, दवाखाना मिळाला, हे दोन रकाने का असू नयेत? तुमच्यापैकी जे सभासद असतील, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत एवढंच विचारावं.